मालूमावशीची जाहिरात

मालूमावशी गेल्याची बातमी आणि तिची जाहिरात माझ्या मोबाइलवर एकदमच आली. तिच्या मुलाने, नितीनने, घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आई गेली.’ मी शाळेत, स्टाफरूममध्ये होते. पडद्यावर तिशीतली मावशी गुलाबी साडीत गिरकी घेत होती, पदर हवेत तरंगत होता, मागे स्टोव्हवर चहा उकळत होता... आणि रडू यायच्या आधी मला भीती वाटली. हे चित्र पुन्हा कोणाला दिसू नये, एवढी एकच गोष्ट तिने माझ्याकडे मागितली होती.

त्या जाहिरातींचा काळ आता सगळ्यांना फार गोड वाटू लागला आहे. जुन्या सुरतेच्या आठवणींचा एक ग्रुप आहे, तिथे कोणी उत्साही माणूस केबलच्या जुन्या कॅसेटी शोधून टाकत असतो. दुपारच्या पिक्चरच्या मध्येच केबलवाला गावातल्या दुकानांच्या जाहिराती घुसडायचा. फरसाणवाला, चष्मेवाला, साडीवाला. सुरतेतल्या नवागामला आमच्या खोल्यांच्या ओळीत दोनच घरी टीव्ही होता, त्यातला एक मावशीकडे. पिक्चर कोणता होता ते विसरायला व्हायचं, पण दंतमंजनाचं गाणं पाठ. मुलांना शिकवलेल्या कविता मी विसरते, ते गाणं अजून येतं. ग्रुपवर लोक त्या दिवसांसाठी हळहळतात, ‘शुं दिवसो हता!’ खाली बदाम. मीही दिले असते बदाम, शोभा आमच्या शेजारी राहत नसती तर.

मावशी मूळची धुळ्याकडची. काका लूमवर जायचे आणि ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. एकदा तयार माल द्यायला मार्केटात गेली, तर शेठच्या गोदामात खोटं स्वयंपाकघर उभं केलेलं, कॅमेरा तयार, आणि मुंबईहून येणारी मॉडेल काही आलेली नाही. शेठने मावशीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बेन, तमे ज ऊभा रहो ने!’ मावशी दिसायची फार सुरेख. ती सवयीने पदर खोचून स्टोव्हपुढे उभी राहिली, तसा कॅमेरावाला ओरडला, ‘छेडो छूटो मूको, बेन!’ पदर मोकळा सोडा, तो उडाला नाही तर कापड दिसणार कसं? बाजूला टेबलफॅन लावला. ‘ना इस्त्री, ना करचली,’ असं हसून म्हणायचं होतं, म्हणजे इस्त्री नको आणि सुरकुतीही नाही. चुलीपुढे पदर मोकळा सोडायचा नाही हे तिला आईने शिकवलं होतं. त्या दिवशी तिने तो सोडला, आणि बक्षीस म्हणून ती गुलाबी साडी घेऊन घरी आली.

मग काय विचारता! आमची ओळ म्हणजे जत्राच झाली. जाहिरात लागली की बायका हातातलं पीठ तसंच घेऊन धावत यायच्या. शेजारची शोभा नवीन लग्न होऊन आलेली. तिने नवऱ्याकडे हट्ट धरून तसलीच साडी आणवली आणि नेसून मावशीकडे आली. ‘मालूताई, असाच सोडाना ना पदर?’ मावशीने हसत हसत तिचा खोचलेला पदर स्वतःच्या हाताने मोकळा केला, खांद्यावर नीट बसवला, म्हणाली, ‘आते दिसस बरं हिरोईन!’ मी तिथेच दारात बसून चिंचा खात होते. मावशीच्या आणि तिच्या खोलीमध्ये पातळ भिंत होती. शोभा स्टोव्हला पंप मारायची ते आम्हांला ऐकू यायचं, आणि तिचं गुणगुणणंही... ना इस्त्री, ना करचली.

ती दुपार मला सबंध आठवत नाही. टीव्हीवर जाहिरात चालू होती एवढं आठवतं, आणि भिंतीपलीकडचं गुणगुणणं एकाएकी बदललं. मावशी गोधडी घेऊन धावली. पण ते कापड नुसतं जळत नव्हतं, वितळून अंगाला चिकटत होतं. शोभा दोन दिवसांनी गेली. सगळ्यांनी स्टोव्हला दोष दिला, कोणी तिच्या नशिबाला. मावशीकडे कोणी बोट दाखवलं नाही, आणि तेच तिला सोसवलं नाही. केबलवर जाहिरात दिवाळीपर्यंत चालूच होती. ती लागली की मावशी भिंतीकडे तोंड करून बसायची.

त्यानंतर तिच्या बांगडीत कायम सेफ्टी पिनांचा घोस असायचा. कोणाच्याही घरी, लग्नकार्यात, ती मागून यायची आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचा पदर पिनेने पक्का करायची. ‘खोच वं माय. आग कोनी सगी नही.’ नव्या नवऱ्या वैतागायच्या. आम्ही पोरी तिला पिनवाली म्हणून चिडवायचो, ती चिडायची नाही.

तिच्या आजारपणात मी गोडादऱ्याला नितीनच्या फ्लॅटवर गेले, तर तिची नात रिद्धी आजीला मोबाइल दाखवत होती. ग्रुपवर ती जाहिरात सापडली होती. ‘आजी, तू तर स्टार होतीस!’ मावशीने डोळे मिटून घेतले. रिद्धी बाहेर गेल्यावर माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, ‘हाई परत लावू देऊ नको. कोनी तरी देखी, आन तसंच करी.’ मी नितीनला सांगितलं. तो हसला, ‘अगं, आई लाजतेय.’

तेराव्याला नितीनने हॉलमधल्या टीव्हीवर तीच जाहिरात लावून ठेवली होती. संपली की पुन्हा सुरू. वर हार घातलेला. लोक हात जोडायचे आणि कौतुकाने बघत उभे राहायचे. मी स्वयंपाकघरात गेले, तर गॅसवर मोठं पातेलं उकळत होतं आणि रिद्धी मैत्रिणीला मोबाइल कसा धरायचा ते सांगत होती. तिला आजीसारखीच गिरकी घेऊन रील करायची होती. आजीच्या पत्र्याच्या पेटीतून तिने ती गुलाबी साडी काढली होती आणि ड्रेसवरूनच गुंडाळत होती. मी तिच्याकडे धावले. तिने निऱ्या खोचल्या, उरलेलं कापड खांद्याकडे ओढलं... ते खांद्यापर्यंत पोचलंच नाही.

‘आत्या, हिला पदरच नाही!’

मी टोक हातात घेतलं. कात्रीने सरळ कापलेलं, आणि कड बारीक टाक्यांनी दुमडून शिवलेली. हाताची शिलाई मावशीचीच. कापलेल्या पदराचं तिने काय केलं, कोणाला ठाऊक. मी गॅस बंद केला आणि रिद्धीला तिथेच शोभाची गोष्ट सांगितली. तिने साडी सोडली आणि जाऊन टीव्ही बंद केला. पण तोवर जाहिरात किती मोबाइलवर पोचली होती! अजूनही कोणी ना कोणी मला पाठवतं, खाली बदाम असतात.

ती साडी आता माझ्याकडे आहे. परवा घडी उलगडून बघितली. इतकी वर्षं पेटीच्या तळाशी दाबून ठेवलेली, तरी तिच्यावर एकही सुरकुती नाही. जाहिरातीत तेवढं खरं सांगितलं होतं.