इस्कटलेल्या पेटीचं गाऱ्हाणं

"म्यानेजरची पेटी परत इस्कटली रे! काकांक हाक मार, नि येताना नारळ घेवन ये."

कचेरीतल्या माझ्या पहिल्या सकाळी दाराबाहेरून हे ऐकू आलं. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. पेटी म्हणजे लाकडाची असणार आणि ती नारळ आपटून उघडत असणार, अशी माझी समजूत झाली. विचारायचा धीर नव्हता. मी पदर सारखा केला आणि नारळाची वाट बघत बसले.

जगात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पुष्कळ असतील, पण गाऱ्हाणं घालून तो दुरुस्त करणारा माणूस एकच झाला, आणि त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या मुख्य कचेरीने आमच्या मालवणच्या कचेरीत एक कॉम्प्युटर बसवला होता आणि टेलिफोनच्या तारेवरून तिथली आणि इतर शाखांची पत्रं थेट त्यात येत. प्रत्येक टेबलाच्या नावाने आत एकेक टपालपेटी. पत्रं इंग्रजीत, म्हणून ती वाचून उत्तरं टाइप करायला इंग्रजी शाळेत शिकलेली मी. पेट्या बिघडल्या की त्या नीट करायला शेजारच्या टेबलावरचे काका. कॉम्प्युटरच्या खोलीत गारवा, अंधार, चपला बाहेर. सगळे तिला गाभारा म्हणत. काका तिथे खुर्चीवर मांडी घालून बसत आणि पाय खाली सोडणाऱ्याकडे, देवळात बिडी ओढणाऱ्याकडे बघावं तसं बघत.

पेट्या बिघडायच्या त्या माडामुळे. मागच्या वाडीतल्या एका माडाची झावळ विजेच्या तारेवर पडली की वीज जाई. काकांच्या मते तो माड मुंबईला फितूर होता. पेटीत पत्रं एकाखाली एक रचलेली असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावरच्या एका ओळीवरून नवं पत्र कुठे सुरू झालं ते कॉम्प्युटरला कळतं. पत्र येत असतानाच वीज गेली, की ती ओळ हरवून दोन पत्रं एकमेकांना चिकटत. बांद्याच्या शाखेतून आलेल्या एका रजेच्या अर्जाला तिथलीच खुर्च्यांची मागणी अशीच चिकटली. मूळ इंग्रजीत होतं, पण मराठीत ते असं झालं: 'माझ्या सासूबाई परवा वारल्या, तरी त्यांच्या जागी बिनहाताच्या दोन ताबडतोब पाठवाव्यात.' आमच्या म्यानेजरांनी त्यावर 'सध्या एकच मंजूर' असा शेरा मारला. मला हसू आलं होतं, पण मी ते फाइलमागे नेऊन हसले.

अशा वेळी काका नारळ घेऊन गाभाऱ्यात शिरत. नारळाची शेंडी पडद्याकडे करून ठेवत, हात जोडत, आणि कारकुनांना मागे उभं करून मोठ्याने सुरू करत. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी देवाला सगळी हकीकत सांगून गाऱ्हाणं घालायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला दुजोरा द्यायचा, अशी रीत आहे. काकांनी ती गाभाऱ्यात आणली होती.

"बा देवा म्हाराजा! वीज गेली तेव्हा जो कोण पेटी उघडून बसलो होतो, तो गेलो आणि तेचा कुलूप मागे रवला. ता कुलूप पयला काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पेटयेक हात लावच्या आदी तिची एक नक्कल बाजूक ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एकाचा टपाल दुसऱ्याच्या टपालात घुसला आसात, तर दोघांची शीव येगळी कर, आणि मागच्या वाडयेतल्या माडाक बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी तो नारळ काकांच्या डब्यातून सोलकढी होऊन येई. ती फार सुरेख असे. मुद्दाम कोणी काही बिघडवलं असं मी म्हणणार नाही, पण बरेच दिवस सोलकढी आली नाही की कारकून त्या माडाकडे आशेने बघत.

मी दरवेळी मागे, दाराला लागून उभी राहायची आणि ओठ मिटून घ्यायची. घरी आम्ही मालवणी बोलत असू, पण शाळेत ती तोंडातून निघाली तर वर्गाबाहेर उभं करत. त्यामुळे चारचौघांत माझं तोंड इंग्रजीतही उघडेना आणि मालवणीतही. काकांच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"काय गो बाय, 'व्हय' म्हणूक तुझ्या शाळेत बंदी होती?"

मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाही ठरवता आलं नाही.

"ऱ्हवांदे. माका बघ. घराणा आमचा आचऱ्याचा. गाऱ्हाण्याचो मान आमचोच, पण तो थोरल्या भावाचो. तो बोलता, मी मागे उभो ऱ्हवान 'व्हय' म्हणतंय. जलमभर 'व्हय' म्हणान घसो बसलो गो! हय तरी माका बोलूक गावता."

गप्प बसणाऱ्यांना ऐकायला सवड असते. हळूहळू मला दिसलं, की ते गाऱ्हाणं म्हणजेच दुरुस्तीचा क्रम होता. कोणी पेटी उघडली की कॉम्प्युटर तिला इतरांसाठी कुलूप लावी; वीज जाऊन अडकलेलं ते कुलूप आधी काढायचं, मग नक्कल ठेवायची, मग शीव, म्हणजे दोन पत्रांमधली हरवलेली ओळ परत घालायची. एक 'व्हय' मिळाला, की काकांची बोटं एक काम करत. पुढचा मिळेपर्यंत ती वर अधांतरी थांबत. मुंबईने पाठवलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं. नारळ लवंडू नये म्हणून ते त्याला टेकण लावलेलं असे.

मग मुंबईला पत्र गेलं, की मालवणच्या पेट्या फार बिघडतात. उत्तर आलं ते मीच म्यानेजरांना वाचून दाखवलं: मोठे साहेब स्वतः येतील आणि पेटी नीट चालली नाही तर कॉम्प्युटर कोल्हापूरला हलवतील. काका शेजारी उभे होते. कॉम्प्युटर गेला तर ते पुन्हा आवक-जावकच्या खिडकीत बसणार होते, तिकिटं चिकटवत. त्या दिवशी त्यांनी डबा न उघडता परत नेला.

साहेब आले त्या सकाळी वारा होता. व्हायचं तेच झालं. झावळ पडली, वीज गेली, वीज आली, आणि साहेबांनी मुंबईहून सोडायला लावलेलं पत्र ज्या पेटीत यायचं होतं ती म्यानेजरांची पेटी उघडेना. म्यानेजरांनी काकांना बाजूला घेतलं.

"साहेबांसमोर ते गाऱ्हाणं-बिऱ्हाणं अजिबात नको. सायंटिफिक पद्धतीने करा."

"होय साहेब, तसंच करतो," काका शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले. मी नेहमीसारखी मागे, दाराला लागून उभी राहिले.

नारळ नव्हता. काका मांडी न घालता, पाय खाली सोडून बसले. बोटं पुढे गेली, मागे आली. कुलूप काढायचं विसरून ते थेट पेटीलाच हात घालू लागले; पडद्यावर नकार आला. पुन्हा केलं; पुन्हा नकार. साहेबांनी घड्याळ बघितलं. "कोल्हापूरला फोन लावा बघू," ते म्हणाले.

काकांनी पाय वर घेतले. मांडी घातली. हात जोडले आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बा देवा म्हाराजा... वीज गेली तेव्हा जो कोण पेटी उघडून बसलो होतो, तेचा कुलूप पयला काड रे म्हाराजा..."

आणि थांबले. एरवी 'व्हय म्हाराजा'ने छप्पर हलवणारे सगळे कारकून आपापल्या पायांकडे बघत होते. म्यानेजर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये एकादशी शोधत होते. काकांची बोटं अधांतरी.

पुढे कॉम्प्युटर मालवणातच राहिला. काही वर्षांनी वीज गेली तरी न बिघडणारी यंत्रं आली, पेट्या इस्कटेनाशा झाल्या आणि सोलकढी बंद झाली. काका निवृत्त होऊन आचऱ्याला गेले. थोरला भाऊ वारल्यावर देवळातला मान त्याच्या मुलाकडे गेला, आणि काका पुन्हा मागच्या रांगेत उभे राहिले. मी एकदा जत्रेला गेले तेव्हा त्यांना तिथे पाहिलं. पुतण्या घाईघाईने गाऱ्हाणं उरकत होता, आणि काका प्रत्येक वाक्यानंतर बोटं किंचित वर उचलून धरत होते.

पण त्या सकाळी हे काहीच माहीत नव्हतं. त्या गार खोलीत फक्त यंत्राचा पंखा घरघरत होता आणि एक माणूस एका शब्दासाठी अडून बसला होता. मी दारापासून एक पाऊल पुढे आले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

"व्हय म्हाराजा!"