धाकटीच्या चार तलंगा

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाई निवृत्त झाल्या आणि परसातल्या कोंबड्यांच्या मागे लागल्या. गल्लीत सगळे त्यांना लॅबवाल्या बाई म्हणत. कुणाची कोंबडी मान टाकून बसली की ती पाटीत घालून आधी बाईंकडे यायची. बाई वजनाचा अंदाज घ्यायच्या, छातीचं हाड हाताला टोचतंय का बघायच्या आणि मग विचारायच्या, "विष्ठा आणलीय का?" नसेल आणली तर माणसाला आल्या पावली परत पाठवायच्या.

त्यांचा एक नियम होता. बाहेरून आलेली कोंबडी महिनाभर पुढच्या दाराजवळच्या पिंजऱ्यात, एकटी. तो त्यांनी एकदाच मोडला, सख्ख्या बहिणीसाठी.

धाकटी एका सकाळी रिक्षातून चार तलंगा, अजून अंडी न देणाऱ्या तरण्या कोंबड्या, घेऊन आली. "ताई, गुडघे बोलायला लागलेत माझे. खाली वाकवत नाही, यांना आता तूच ठेव. महिन्याभरात अंड्यावर येतील बघ."

"आजारबिजार काही?"

"आता मलाही तपासणार का तू?"

बाई ओशाळून हसल्या. पिंजऱ्यात तेव्हा खुडूक बसून अंडी उबवलेली कोंबडी आठ दिवसांची अकरा पिल्लं घेऊन बसली होती. तिला कशाला हलवायचं? तलंगा थेट परसात गेल्या. महिन्याभराने पिल्लंही तिथंच मोकळी सुटली.

लहानमोठ्यांना एकत्र चारणं म्हणजे रोजची कसरत. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर, ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. आणि पिल्लांचं खाद्य मोठ्या कोंबड्या बघता बघता फस्त करतात. म्हणून बाईंनी जुन्या खोक्याला पिल्लूच आत शिरेल एवढ्या फटी पाडून त्यांचं ताट आत ठेवलं होतं.

मोकळं सुटल्यापासून सातव्या आठवड्यात एक पिल्लू लंगडायला लागलं. दोन दिवसांनी दुसरं. बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की पिल्लांनी मोठ्यांच्या ताटात तोंड घातलं. चूक आपलीच. त्यांनी सगळ्यांनाच पिल्लांचं खाद्य सुरू केलं आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. विष्ठा काचपट्टीवर घेऊन पाहिली, आतड्याच्या रोगाचं काही सापडेना. मग तिसरं पिल्लू एक पाय पुढे, एक मागे असं फाकून आडवं पडलं. त्यांनी रडतच बहिणीला फोन लावला.

"तुझ्या चारण्यातच काहीतरी गडबड झाली असणार," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना एकत्र चारतेस ना तू."

बाईंना ते पटलं. पाच दिवस त्या स्वतःलाच बोल लावत राहिल्या.

एकामागोमाग ती तिन्ही मेली. चौथं पिल्लू मेल्यावर ते घेऊन त्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये ते उघडलं आणि मांडीतली नस चिमट्याने दाखवली. एका बाजूची दोऱ्यासारखी, दुसरी सुतळीएवढी जाड.

"खाण्याचा काही संबंध नाही. हा विषाणू आहे. औषध नाही याला, लस अंड्यातून बाहेर आल्याबरोबर द्यावी लागते. एखादी कोंबडी ठणठणीत दिसते आणि पिसांच्या कोंड्यातून पसरवत राहते. नवीन कोंबड्या आणल्या होत्या कुणाच्या?"

"बहिणीच्या चार."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "टेकडीमागे राहतात त्या? त्यांच्याकडची तीन पिल्लं यानेच गेली होती. उरलेल्या कुणाला देऊ नका म्हणून बजावलं होतं मी."

"काय बजावलं होतं?" बाईंनी पुन्हा विचारलं. ऐकू नीट आलं होतं.

त्या तशाच बहिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. धाकटी कणीक मळत होती. बाईंचा चेहरा बघून तिचे हात थांबले.

"घरी ठेवल्या असत्या तर उद्या मारून टाका म्हणाले असते ते," ती खाली मान घालून म्हणाली. "मला नव्हतं जमणार. तू सांभाळशील असं वाटलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घेतल्या असत्यास?"

"पिंजऱ्यात ठेवल्या असत्या. दुसऱ्या कुणाकडे पिल्लं दिली असती. ते सोड. मी फोनवर रडत होते, तेव्हा खाण्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडलंस. तेव्हा तरी बोलायचं होतंस गं."

धाकटी पुन्हा कणीक मळायला लागली. मळून झालेलीच होती ती.

अकरातली तीन पिल्लं जगली. बाईंनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, माझ्या परसात रोग आहे, आपल्या कोंबड्या इकडे आणू नका, मला हातही लावू देऊ नका. त्या वर्षी त्यांनी एकही अंडं उबवायला ठेवलं नाही. चारही तलंगा अंड्यावर आल्या, धडधाकट होत्या. त्यांना दाणे टाकताना बाईंना त्यांचा राग येत नसे.

बहिणीशी बोलणं त्यांनी तोडलं नाही. फोन आला की घेतात, तिच्या गुडघ्यांची चौकशी करतात. आपल्या घरातलं मात्र आता काही सांगत नाहीत.