अनसाबाईचं बिऱ्हाड

सामान बांधावं तर अनसाबाईनं. सणसवाडीत खोली बदलणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण त्यांचं सामान टेम्पोतून उतरतं ते आपटून-फुटून, आणि मग चार दिवस घरात चमचा सापडत नाही. अनसाबाईचा आरसासुद्धा कधी तडकला नाही. तडकेल कसा? उभी जवानी मेंढरांमागं गेली तिची. सकाळी बिऱ्हाड घोडीवर लादायचं आणि दिवस कलला की नव्या रानात उतरवायचं. सासूनं एवढंच शिकवलं होतं, जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं.

पुढं मेंढरं गेली, नवरा गेणबाही गेला. मुलगा संपत रांजणगावच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागला आणि मायलेकरं सणसवाडीत भाड्यानं राहिली. आता गंमत बघा. ज्या माळावर शेतकरी आर्जवं करायचे, "आमच्या रानात मेंढरं बसवा, खत हुईल," तिथं आज प्लॉटिंगचे दगड रोवलेत, आणि संपतनं जन्मभर पगार साठवला तरी त्यातला गुंठा काही त्याचा होत नाही. पगार जागचा हलत नाही आणि भाडं मात्र दर साली चढतं. मग करा खोली खाली.

यंदा मालकानं, जयसिंगरावांनी, खोली सहा पोरांना मिळून दिली. एक पगार सहा पगारांपुढं कुठं टिकणार? रविवारी खोली सोडायची ठरली, आणि नेमके त्याच रविवारी मांडवगण फराट्याहून पाहुणे घर बघायला यायचे होते. मुलगी हर्षदा, संपतच्याच कंपनीतली. दोघांना एकमेकं पसंत होती, पण तिचे वडील हौसराव म्हणाले होते, घर बघून काय ते सांगतो. आधीची स्थळं 'घर स्वतःचं हाय का' इथंच मोडली होती. संपतचे केस मागं सरकायला लागले होते.

जयसिंगरावांना वाईट वाटलं. "मामी, माझा हॉल मोकळा हाय. पाव्हण्यांना तिथं बसवा. कुनाचा हाय ते सांगता कशाला?"

संपतला ते पटलं. अनसाबाई मात्र भडकली. "आरं, जन्मभर दुसऱ्याच्या रानात झोपले, पन त्याला माझं रान म्हनले न्हाई कवा. पोरीला फसवून आनायची व्हय?"

"आन् हे बी मोडलं तर?"

"मोडू दे." म्हणाली खरी, पण बांधलेलं गाठोडं तिनं पुन्हा सोडून बांधलं.

रविवारी पाहुणे पोचले तेव्हा टेम्पो नव्या खोलीपुढं उभा होता. वर पत्रा, पुढं चिखल, दारात अर्धी आत अर्धी बाहेर खाट. हौसराव टोपी सावरत म्हणाले, "घर कुठलं?"

"आजपासनं हेच. भाड्याचं हाय. पुढल्या साली दुसरं असंल. बसा, च्या टाकते."

संपतनं मान खाली घातली. अनसाबाईनं हात चालवला. शेगडी पहिली उतरली, मागोमाग पाण्याची घागर, मग देव. चहाला उकळी येईस्तोवर भांडी फळीवर गेली आणि आरसा खिळ्यावर. एक वाटीही आपटली नाही. हल्लीच्या रितीनं हर्षदाही आली होती, ती सगळं टक लावून बघत होती.

हौसरावांनी कप खाली ठेवला. "म्हंजी माझ्या पोरीनं दर साली असं सामान घिऊन हिंडायचं?"

 अनसाबाईला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं तर समोरच होतं.

हर्षदाच बोलली. "आप्पा, मागच्या स्थळानं दावलेला बंगला चुलत्याचा निघाला. इसरलात? हिथं खरं तरी सांगितलं." मग ती अनसाबाईकडं वळली. "मामी, शेगडी पयली कशी निघती, मला शिकवाल का? आमचं सामान आमालाच बांधायचंय."

हौसरावांनी लेकीकडं पाहिलं, खोलीकडं पाहिलं, आणि रिकामा कप पुढं केला. "आजून अर्धा घाला. आन् साखरपुडा ह्या खोलीतच उरका, पुढली कुठं शोधत बसू?"

 जे गुण अनसाबाईनं लोकांपुढं कधी मिरवले नव्हते, ते सून शिकू मागत होती. तिनं पदर खोचला आणि टेम्पोतला दोर गाठीसकट हर्षदाच्या हातात दिला.

"आधी गाठ बघ," ती म्हणाली. "घोडीवरची हाय. सुटत न्हाई."