अक्कांच्या सीनमध्ये नाना

"हाई रडनं बठ्ठं काढी टाक," नाना म्हणाले. "लोके हासाले येतस."

शूटिंग व्हायचं होतं, त्याआधीच नानांनी सीन कापला होता. मी मुकाट्याने मान हलवली. पगारी दिग्दर्शकाला मान त्यासाठीच दिलेली असते.

हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओंत दिग्दर्शक असेच पगारावर असत आणि पिक्चर कसा कापायचा ते मालक ठरवी. आमचंही तेच. फक्त आमचा स्टुडिओ शिंदखेड्यात, नानांच्या सरकीच्या गोडाऊनमध्ये. दर आठवड्याला एक विनोदी अहिराणी पिक्चर लोकांच्या मोबाईलवर जातो. एडिटिंग, म्हणजे शूट केलेल्या तुकड्यांची जोडणी, नाना शेजारी बसून करवून घेतात. प्रत्येक पिक्चरमध्ये सरपंचाचं काम तेच करतात. निवडणूक लागत नाही.

पारोळ्याच्या अक्का आमच्या कायमच्या सासू. आठ वर्षं त्या सुनेवर ओरडतात आणि शेवटी शेणात पडतात. यंदा त्यांनी मला एकच मागितलं होतं.

"भाऊ, एक दाव माले बिगर वरडता बोलनं शे."

म्हणून मी सीन लिहिला. सून माहेरी निघते, सासू तिला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी बांधून देते आणि बोलता बोलता गप्प होते. तो सीन कापला जाणार म्हटल्यावर अक्कांना काय तोंड दाखवू, हे मला कळेना.

हॉलिवूडचा एक बेरकी म्हातारा दिग्दर्शक लागेल तेवढंच शूट करायचा, मालकाला निवडायला दुसरं काही उरतच नसे. ती युक्ती मी मागे करून पाहिली होती. नानांनी मधला भाग उडवून तिथे जुन्या पिक्चरमधली म्हैस चिकटवली.

या वेळी मी नानांना सांगितलं, सून निघते तेव्हा दारात सरपंच हवेत. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. गॉगल पुसला आणि उभे राहिले.

पुढे अक्का, बरोबर मागे नाना. सगळा सीन एकाच टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा मध्ये न थांबवता घेतला. अक्का हळू आवाजात बोलल्या, मग थांबल्या. नानांना डायलॉग नव्हता, त्यामुळे ते बघत राहिले. जरा वेळाने त्यांनी गॉगल काढला. मी ते सांगितलं नव्हतं.

एडिटिंगला नानांनी तीनदा सीन कापायला लावला. अक्का कापल्या की त्यांच्यासोबत नानाही कापले जात. तिन्ही वेळा परत जोडला. मी चहा पीत होतो.

"ऱ्हाऊ दे," शेवटी ते म्हणाले. "मन्हं काम भारी व्हयेल शे."

सीन जसाच्या तसा लोकांच्या मोबाईलवर गेला. तेव्हापासून मी मालकाला सीन पटवत बसत नाही, सीनमध्येच घालतो.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. पिक्चर त्यांनी शेजारणीच्या मोबाईलवर दोनदा पाहिला होता. म्हणाल्या, "भाऊ, पुढला पिक्चरमा बी नानाले मन्हा मांगेच उभा कर."