कापलेली कड

आपल्या बायकोला लांबचं काही दिसतच नाही, असं फ्रेमवाला गमतीनं म्हणायचा. समोर अख्खं तळं पसरलेलं असलं, तरी ही काठाशी उकिडवी बसून शेवाळाचा फोटो काढणार. पानाच्या शिरा, झाडाची साल, चतुराचा पंख. एकाच वस्तूचे ती अगदी जवळून, शेजारीशेजारी तीन फोटो काढी आणि तो ते तीन चौकटींत बसवी. पहिल्या चौकटीतून निघालेली शीर दुसरीतून जाऊन तिसरीत पोचली पाहिजे. या जोडकामाला ती ‘तिपेडी’ म्हणे.

दोघांचं वाजे ते एकाच गोष्टीवरून. वाऱ्यानं पान हलू नये म्हणून ती ते डाव्या हातानं धरी आणि फोटोच्या कडेला तिचा अंगठा येई.

“आलीस का पुन्हा मध्ये कडमडायला?”

“मग पानाला काय खुर्चीत बसवू?”

“अगं, गिऱ्हाइकाला पान हवंय. तुझा अंगठा नकोय.”

“बरं बाबा, उडव. तू आणि तुझी कात्री!”

तो उडवी. आधी कॉम्प्युटरवर, तेही मूळ फोटोवरच. काही राहिलंच तर छापल्यावर पट्टी लावून.

ती गेली. दीड महिन्यानं लेक म्हणाली, “बाबा, आईचा एखादा बरा फोटो द्या ना, भिंतीवर लावायला.”

शोधायला बसले, तर एकही नाही. कॅमेरा कायम तिच्याच हातात. तिचा फोटो काढणार कोण? ओळखपत्रावर एक होता, पण त्यात ती दुसरीच कुणीतरी वाटत होती.

“नुसता हात असला तरी चालेल हो,” लेक म्हणाली.

अकरा वर्षांचे फोटो त्यानं एकेक उघडून पाहिले. पानं होती, पंख होते. अंगठा कुठेच नव्हता. मग त्याला पहिली तिपेडी आठवली, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडची; तिचे मूळ फोटो कॉम्प्युटरवर उरले नव्हते. सुरुवातीला तो कडा कापत नसे, फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याखाली दाबून टाकी. निदान त्याला तसं वाटत होतं. लेकीला काही न सांगता तो पिशवीत पकड घेऊन निघाला.

“जरा खिळे ढिले झालेत का बघतो,” तो डॉक्टरीणबाईंना खोटंच म्हणाला.

पेशंट बसतात त्या खोलीतल्या टेबलावर त्यानं पहिली चौकट उलटी ठेवून उघडली. पुठ्ठा उचलला. काही नाही. दुसरी उघडली. तिसरीच्या पुठ्ठ्याखाली नख घातलं. खाली फोटोची कड होती, पांढरी, सरळ, पट्टी लावून कापलेली. तेव्हाही कापलाच होता.

त्यानं तिन्ही चौकटी पुन्हा बंद करून भिंतीवर लावल्या. शीर शिरेला जुळली.

डॉक्टरीणबाई डोकावल्या. “काय सुरेख जोडलंय हो! कुठे जोड आहे ते कळतसुद्धा नाही.”

एरवी या वाक्यावर तो अर्धा तास बोलला असता. आज तो मटकन बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकून घेतलं.

शेजारची म्हातारी पेशंट जरा सरकली. स्वतःचा सुजलेला गाल सावरत तिनं विचारलं, “फार दुखतंय का हो?”

“हो,” तो म्हणाला.