सुबोध देवधरांचा शोषखड्डा

आमचे हे, म्हणजे सुबोध देवधर, बँकेतून निवृत्त झाले आणि पाण्याच्या मागे लागले. सगळी नोकरी लखनऊत गेली, इंदिरा नगरात घर झालं. त्या घरात तांदळाचं धुवण कुणी मोरीत ओतलं तर यांचा जीव कासावीस होतो. गल्लीत ज्याच्या-त्याच्या दारात बोअर. आम्ही मात्र अंगणात शोषखड्डा खणून घेतला, गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपातून थेट जमिनीत. "कोपऱ्यावरच्या हापशाला तेवढाच आधार," म्हणायचे. तिथली इस्त्रीवाली रामकली आणि तिची पोरं तेच पाणी पितात, हे मला हजारदा ऐकवून झालं. बरं बाई, म्हणायचं नि कामाला लागायचं.

गणपती आमचा दीड दिवसाचा. विसर्जन गोमतीत नाही, बादलीत, आणि विरघळलेल्या शाडूचं पाणी शोषखड्ड्यात, हा यांचा नियम. यंदा मूर्ती अमीनाबादच्या बाजारातून आणली. मी म्हटलंसुद्धा, "अहो, फारच चकाकतेय." पण दुकानदार म्हणाला ना, "शुद्ध मिट्टी है, भाईसाहब!" झालं, यांना तेवढं पुरे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी बादली खड्ड्यावर उपडी केली. लाल-रुपेरी पाणी भसकन आत गेलं आणि मागोमाग मूर्ती ठण्णकन जाळीवर आपटली. सोंडसुद्धा शाबूत. प्लास्टरची!

यांचा चेहरा पांढराफटक. "नयना, असल्या रंगात शिसं असतं गं. ती पोरं पाणी पितात तिथलं."

"एका बादलीनं काय होतंय? अख्खं शहर नदीत काय काय ओततं!" मी चिडलेच. चहा तसाच निवला. हे खड्ड्याशी वाकून बसलेले, उठायचं नाव नाही. शेवटी म्हणाले, "सांगायला हवं त्यांना."

"शिव्या देतील."

"देऊ देत."

मीही पायात चपला सरकवल्या. एकट्याला कसं सोडणार?

कोपऱ्यावर रामकली इस्त्रीत कोळसे भरत होती. यांनी अडखळत सगळं सांगितलं. "इस हैंडपंप का पानी मत पीजिए. गलती मेरी है."

तिनं चिमटा खाली ठेवला. "कौन सा पानी, बाबूजी? ये तो गर्मियों से सूखा पड़ा है. जब से नए फ्लैट वालों ने बोरिंग कराई. हम तो टैंकर से भरते हैं."

आम्हाला पत्ताच नाही! आमच्या घरी नळाला पाणी येतं, हापशाकडे बघतो कोण?

यांना खरं वाटेना. दांडा धरला आणि हापसायला लागले. खडखडाट, नुसती हवा. शर्ट घामानं भिजला तरी थांबेनात.

"अहो, पुरे," मी म्हटलं. पोरांच्या पोटात विष गेलं नाही म्हणून मला तर हायसं वाटलं होतं, देवाला हातही जोडले मी तिथंच. पण यांनी दांडा सोडला नाही.

"अख्खे पावसाळे ओतले गं मी यात," म्हणाले. "एक थेंब नाही?"