ताग्यावर टेकवलेली दुर्बीण

कपाटातल्या दुर्बिणीभोवतीचं तेलकट फडकं उलगडलं की लूमच्या तेलाचा वास येतो, आणि आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात रायफलची दुर्बीण हातात घेऊन उभे असलेले पप्पा दिसतात. मी तेव्हा क्लबमध्ये पॉइंट टू टूच्या रायफलने पन्नास मीटरवर नेम धरायला शिकत होते, आणि पडघ्याचे आमचे कोच आम्हाला परवडतील अशा दोन वापरलेल्या दुर्बिणी घेऊन आले होते. पप्पांचा जन्म भिंगातून कापडाचे धागे मोजण्यात गेलेला, म्हणून त्यांनी दुर्बीणही तशीच पारखली, लूमवरच्या ताग्यावर टेकवून. "यात तर धागाच दिसत न्हाय," म्हणत त्यांनी दोन्ही बाजूला ठेवल्या. कोच हसले. "काका, ही लांबचं बघायची. ती पाण्याची टाकी बघा." पप्पांनी टाकीकडे बराच वेळ बघितलं. मग खिशातलं स्वतःचं भिंग काढून ताग्यावर धरलं आणि लूमच्या खडखडाटात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यात पन न्हाय दिसत गं, लय दिवस झाले. तुला दिसतंय ती घे." मी एक घेतली. डॉक्टरकडे गेलो तोवर साखरेने त्यांच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. नेमबाजी माझी कधीच सुटली. परवा ती दुर्बीण सहज त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी ती चाचपली, मांडीवरच्या लुंगीवर टेकवली आणि वाकून तिला डोळा लावला.